संशोधनपर व्हिडिओ प्रकल्प : वेळ नेमका कुठे लागतो? (अनुभव धागा)

इतिहास, भूगोल, समाजशास्त्र, कृषी अशा विषयांचे विद्यार्थी आता लेखी प्रबंधिकेसोबत दहा-पंधरा मिनिटांचा संशोधनपर व्हिडिओही तयार करू लागले आहेत. कॅमेरा आणि ध्वनी यांविषयी मार्गदर्शन भरपूर मिळते. वेळ कुठे जातो यावर मात्र फारसे कोणी लिहीत नाही. आपण सादरीकरणाच्या तारखेपासून उलटे मोजत वेळापत्रक आखतो, पण ज्यांचे चित्रण करायचे त्या माणसांचे, पिकांचे आणि ऋतूंचे वेळापत्रक वेगळेच असते, असे माझे मत झाले आहे. ते इतरांच्या अनुभवाशी ताडून पाहावे म्हणून असे प्रकल्प केलेल्यांना लिहिण्याची विनंती करते. ‘वेळ पुरला नाही’ एवढ्यावर न थांबता कोणत्या कामाला तो का लागला हे सांगितले, तर पुढच्या तुकड्यांना उपयोग होईल. सुरुवात मी करते.

कृषी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी, कोल्हापूर

आमचा विषय करवीर तालुक्यातील गुऱ्हाळघरांचे अर्थकारण हा होता. गुऱ्हाळांचा हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळा लागेपर्यंत चालतो, आणि आमचे सत्र पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीच्याच सुमारास परीक्षांनी संपते. म्हणजे संशोधनाला सवड असते तेव्हा चुलवाण थंड असते आणि चुलवाण पेटते तेव्हा आपण परीक्षेला बसलेलो असतो. हे पहिल्याच बैठकीत ध्यानात आल्यामुळे आम्ही पावसाळ्यात मालकांच्या घरी बसून उसाचा दर, मजुरी, जळण आणि बाजार समितीतील सौदे यांविषयी सविस्तर मुलाखती घेतल्या, कारण त्या दिवसांत त्यांनाही बोलायला वेळ असतो. हंगामातील भेटी केवळ प्रत्यक्ष कामाच्या चित्रणासाठी राखून ठेवल्या.

चित्रणाच्या दिवशी वेळ ठरवते ती काहील, म्हणजे रस उकळण्याची मोठी कढई. रस काहिलीत पडल्यापासून गूळ थंड होण्यासाठी वाफ्यात ओतेपर्यंत सुमारे अडीच ते तीन तास लागतात. सुरुवातीला भेंडीचे पाणी घालून मळी काढत असताना काम संथ चालते आणि प्रश्न विचारता येतात. पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास येऊ लागला की गुळव्याची, म्हणजे गूळ शिजवणाऱ्या कारागिराची, नजर काहिलीवरून हलत नाही. पाण्यात थेंब टाकून गोळी धरते का ते तो बोटांनी पाहतो, आणि त्यानंतर काहील उतरवण्याचा अवधी अगदी थोडा असतो. त्या वेळी त्याला पुन्हा करून दाखवा असे म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये, कारण उशीर झाला तर गुळाचा रंग गडद होतो आणि बाजारात दर रंगावर ठरतो. म्हणून पहिली काहील आम्ही कॅमेरा न काढता नुसती पाहिली, कोणत्या क्षणी कोणी कुठे उभे राहायचे ते वहीत टिपले, आणि पुढच्या काहिलींना चित्रण केले. शिवाय पहाटेच्या थंडीतून आत आणलेल्या लेन्सवर लगेच बाष्प धरते, त्यामुळे कॅमेरा आतल्या उबेत काही वेळ ठेवावा लागतो. कॅमेरा बंद ठेवून पहिली काहील पाहण्यात घालवलेला वेळ मला संपूर्ण प्रकल्पातील सर्वांत फलदायी वाटतो.

इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी, रत्नागिरी

कोकणातील कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आणि आमच्या गटाने तोच विषय निवडला. शिल्पे शोधण्यात आमचा वेळ गेला नाही, याचे श्रेय सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सड्यांवर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारांवर, वर्षानुवर्षे केलेल्या नोंदींना आहे. आमचा खरा प्रश्न प्रकाशाचा होता. जांभ्या दगडात कोरलेल्या या रेषा उथळ आहेत. सूर्य डोक्यावर आला की त्यांत सावली उरत नाही आणि कॅमेऱ्याला सपाट सडा दिसतो. सकाळच्या व संध्याकाळच्या तिरप्या उन्हात मात्र तीच रेष ठसठशीत उठून दिसते. दुसरीकडे, कशेळी गावच्या सड्यावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि एवढी आकृती जमिनीवरून एका चौकटीत मावत नाही, म्हणून ड्रोन हवाच. दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा सड्यावर वाढत जातो, त्यामुळे ड्रोनलाही सकाळच सोयीची. एकाच तासावर दोन कामांचा हक्क होता.

आम्ही सूर्य उगवल्यावर प्रथम जवळची दृश्ये घेतली, ऊन थोडे वर आल्यावर ड्रोन उडवला, आणि संध्याकाळ पुन्हा जवळच्या दृश्यांना दिली. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला २०२१च्या नियमांनुसार वैमानिक परवान्याची अट नाही, तरीही परिसर उड्डाणासाठी मोकळ्या की निर्बंधित क्षेत्रात मोडतो हे नकाशावर आधी तपासणे आणि जागेच्या मालकाची संमती घेणे यांसाठी वेळ ठेवावाच लागतो. दुपार गावातील मुलाखती आणि चित्रण उतरवून घेणे यांसाठी उत्तम ठरली. ऋतूबद्दलही सांगायला हवे. पावसाळ्यानंतर सड्यावर गवत उंच असते आणि ते कापले जाईपर्यंत अनेक आकृत्या झाकलेल्या राहतात; मार्चनंतर कातळ इतका तापतो की सकाळी उशिरापर्यंत तिथे काम करणे कठीण होते. या दोहोंमध्ये जे आठवडे उरतात, त्यांतच कोकणातील बहुतेक महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि क्रीडास्पर्धा असतात. विभागप्रमुखांशी या विषयावर सत्राच्या आरंभीच बोलून घ्यावे, असे मी आग्रहाने सुचवेन.

भूगोलाची विद्यार्थिनी, पुणे

किल्ल्यांवरील पाण्याची टाकी हा आमचा विषय होता. येथे चित्रणापेक्षा परवानगीची प्रतीक्षाच मोठी. रायगड केंद्र संरक्षित आहे, त्यामुळे तेथे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे अर्ज करावा लागतो. राज्य संरक्षित किल्ल्यांसाठी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. एका अर्जात सर्व किल्ले बसत नाहीत, हे कळताच आम्ही दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात दिले आणि उत्तर येईपर्यंतचा काळ ग्रंथालयात घालवला. त्या काळात वाचलेल्या गॅझेटियरमधील (जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथातील) वर्णनांमुळे निवेदनाचा मसुदा चित्रणाआधीच तयार झाला, आणि गडावर गेल्यावर कोणते टाके, कोणत्या बाजूने टिपायचे याबाबत शंका राहिली नाही.

संगणकशास्त्राचा विद्यार्थी, नाशिक (गटात संकलनाची जबाबदारी)

माझे सांगणे केवळ संकलनापुरते आहे. फोर-के चित्रण १०० मेगाबिट प्रतिसेकंद या दराने केले तर तासाभराला सुमारे ४५ गीगाबाइट जागा लागते. ते दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवणे आणि साध्या लॅपटॉपवर चालावे म्हणून त्याच्या हलक्या प्रती, म्हणजे प्रॉक्सी, तयार करणे ही कामे रात्री यंत्रावर सोपवता येतात. ज्या कामाला माणूसच लागतो ते म्हणजे प्रत्येक दृश्य पाहून त्याची नोंद करणे. आमच्या गटात ज्याने चित्रण केले त्यानेच त्याच संध्याकाळी ही नोंद करायची, असा नियम होता. आठवड्यानंतर तेच काम दुसऱ्याने केले तर वेळ कितीतरी पट लागतो, कारण कोणते उत्तर महत्त्वाचे होते हे आवाजावरून कळत नाही. निवेदनाच्या ध्वनिमुद्रणासाठी वसतिगृहात पहाटेची वेळच खरी. दिवसा पंखे, पायऱ्या आणि रस्ता यांचे आवाज टाळता येत नाहीत.

समाजशास्त्राची संशोधक विद्यार्थिनी, मुळशी तालुका

कोल्हापूरच्या ताईंनी काहिलीबद्दल लिहिले आहे. माझ्या प्रकल्पात तिच्या जागी भात होते. जात्यावरच्या ओव्या गाणाऱ्या वयस्क स्त्रियांशी मला बोलायचे होते. लावणीच्या दिवसांत त्या सकाळपासून खाचरात असतात, आणि घरी परतल्यावर त्यांच्याकडून गाण्याची अपेक्षा करणे मला योग्य वाटत नव्हते. लावणी उरकल्यानंतरची दुपार, जेवणे झाल्यावरचा तास, हीच त्यांची मोकळी वेळ. त्यातही पहिल्या भेटीत ओवी येत नाही. आधी माहेर विचारले जाते, लग्न झाले का हे विचारले जाते, चहा होतो, आणि मग कोणीतरी जात्याच्या खुंट्याला हात लावते. हात फिरू लागल्याशिवाय अनेकींना ओव्या आठवतच नाहीत.

या कामात हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ यांनी उभारलेल्या संग्रहाचा मोठा आधार मिळाला. एक लाखाहून अधिक ओव्या असलेला तो संग्रह आता ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळामार्फत वाचायला व ऐकायला मिळतो. आपल्याला मिळालेली ओवी तेथे कोणत्या रूपात आहे, कोणत्या गावची आहे, हे पाहण्यात माझ्या अनेक संध्याकाळी गेल्या, आणि तो वेळ संशोधनाचाच होता.

सर्वाधिक वेळ लागला शब्दांकनाला. एका तासाचे बोलणे शब्दशः उतरवायला पाच-सहा तास सहज लागतात. मावळी बोलीतले शब्द, एकाच वेळी बोलणाऱ्या दोघीतिघी आणि जात्याची घरघर असेल तर त्याहून अधिक. आवाजावरून मजकूर तयार करणारी साधने प्रमाण मराठीला बऱ्यापैकी चालतात, पण ओवीतला ‘बाई’ कुठे संबोधन आहे आणि कुठे केवळ मात्रा भरण्यासाठी आला आहे, हे ऐकणाऱ्यानेच ठरवावे लागते. म्हणून मी प्रत्येक भेटीनंतर त्याच आठवड्यात शब्दांकन पूर्ण करत असे आणि ते झाल्याशिवाय पुढची भेट ठरवत नसे.

आणखी एका कामासाठी वेळ राखून ठेवावा, असे मला फार मनापासून वाटते. पहिले संकलन झाल्यावर मी व्हिडिओ गावात नेला आणि गाणाऱ्या सर्वजणींना दाखवला. एका आजींनी सासुरवासाची एक ओवी काढून टाकायला सांगितली. ओवी जुनी होती, पण ती त्यांच्या तोंडून ऐकली तर लेकीच्या सासरी गैरसमज होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ती ओवी माझ्या मांडणीत मध्यवर्ती होती, तरी ती काढली. त्यामुळे निवेदनाचा एक परिच्छेद नव्याने लिहावा लागला, उपशीर्षके बदलली आणि पुढच्या दृश्याची लांबीही बदलली. ध्वनिमिश्रण तोवर झालेले नव्हते, म्हणून हे सर्व निवांतपणे करता आले. सादरीकरणाच्या आदल्या आठवड्यात गावात गेले असते, तर आजींना ‘आता बदलता येणार नाही’ असे सांगावे लागले असते.