चर्चा: बेक्ड अलास्काला कट्टर कुणी केलं, त्याने स्वतः की त्याला बघणाऱ्यांनी?

नौपाडा_एडिटर

टिम जिओनेट. अलास्कातल्या अँकरेजचा पोरगा, नेटवर नाव 'बेक्ड अलास्का'. सुरुवात व्हाइन या छोट्या व्हिडिओंच्या अ‍ॅपवरच्या सहा-सहा सेकंदांच्या टवाळक्यांपासून, त्यात गॅलनभर दूध तोंडावर ओतून घेतलेला एक व्हिडिओ तुफान चालला. मग बझफीड या बातम्या-मनोरंजनाच्या साइटमध्ये सोशल मीडियाची नोकरी. २०१६ ला तिथून बाहेर पडून मायलो यानोपोलस या भडक बोलणाऱ्या उजव्या वक्त्याच्या दौऱ्याचं मॅनेजमेंट, आणि ऑगस्ट २०१७ ला हा थेट शार्लट्सव्हिलच्या मोर्चात, गोऱ्या वर्चस्ववाद्यांच्या. ६ जानेवारी २०२१ ला ट्रम्प समर्थकांच्या जमावाबरोबर कॅपिटॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, घुसला तोही मोबाईलवर लाईव्ह करत, आणि तेच लाईव्ह त्याच्याविरुद्ध पुरावा झालं. जानेवारी २०२३ ला ६० दिवसांची शिक्षा, आणि जानेवारी २०२५ ला ट्रम्पने त्या हल्ल्यातल्या दीडेक हजार जणांना माफी दिली त्यात हापण आला.

माझं मत असं की ह्याला बघणाऱ्यांनी घडवलं. हा बझफीडमध्ये होता तेव्हा तिथले संपादक असलेल्या बेन स्मिथ यांनी जानेवारी २०२१ मध्येच न्यूयॉर्क टाइम्समध्ये यावर लिहिलं होतं, की हा विचारसरणीपेक्षा आकड्यांच्या मागे जाणारा माणूस होता, आणि आकड्यांची ती सवय लावण्यात आमच्यासारख्यांचाही हात आहे. मला हे शंभर टक्के पटतं कारण माझं कामच ते आहे. मी व्हिडिओ एडिटिंग करतो. एक क्लायंट आहे, नाव सांगत नाही, चांगला मुलगा, ठाण्याचे तलाव, मिसळ, गडकरीबाहेरची गर्दी असलं करायचा, तीन-चार हजार व्ह्यूज. एकदा मुंब्र्याच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकला आणि वैतागून कॅमेऱ्यात बोलला की ही लोकं मुद्दाम रस्ता अडवतात, चाळीस सेकंद असेल. तो व्हिडिओ लाखाच्या वर गेला. रिटेन्शनचा ग्राफ, म्हणजे कुठल्या सेकंदाला किती लोक बघत राहिले तो, एरवी घसरगुंडीसारखा खाली येतो, त्या चाळीस सेकंदांत तो आडवा राहिला आणि 'मुद्दाम' या शब्दावर चक्क वर चढला, म्हणजे लोकांनी मागे घेऊन परत ऐकलं. तो स्क्रीनला बोट लावून म्हणाला, इथे बघ ना. पुढच्या व्हिडिओत पाच मिनिटं तेच. त्याला कुणी पुस्तक दिलं नाही की कुठल्या बैठकीला नेलं नाही हो, तो ग्राफ पुरला.

ऐरोली_रात्रपाळी

नाही पटलं. तोंडावर दूध ओतून घेणारे हजारो होते व्हाइनवर, त्यातले किती जण शार्लट्सव्हिलला गेले? आकडे सगळ्यांनाच दिसतात. नाझींच्या घोषणा देणाऱ्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायचं हे तुमचे पाय ठरवतात, ग्राफ नाही. त्या शहरात १२ ऑगस्टला एकाने गर्दीत गाडी घातली, हेदर हायर गेली, ३२ वर्षांची होती. ते झाल्यावरही हा माणूस ह्याच धंद्यात राहिला. आणि २०१९ मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की मी ते सगळं सोडलं, म्हणजे चूक कळत होती ना? तरी परत गेला. 'बघणाऱ्यांनी केलं' म्हटलं की सगळे सुटतात, तो पण सुटतो आणि तुमचा क्लायंट पण.

नौपाडा_एडिटर

@ऐरोली सुटावा असं मी म्हणतच नाहीये. पण सोडलं म्हटल्यावर तो परत का गेला हाच तर मुद्दा आहे, माफी मागणाऱ्या माणसाचं लाईव्ह कुणी पैसे देऊन बघत नाही. लाईव्हमध्ये एका बाजूला चॅट धावतं आणि मधेच कुणीतरी पैसे टाकतं, नाव झळकतं, आणि तो वाचून दाखवतो. पैसे टाकणारा सांगतो ते कर, अजून पुढे जा. हे नाक्यावरच्या पोरांनी 'तुझ्यात दम नाही' म्हणण्यासारखंच आहे, फक्त नाक्यावर पाच पोरं असतात.

बेलापूर_लोकल

दोघांनाही थोडं सांगते. चेन, नायहन वगैरेंचा अभ्यास आहे, सायन्स अ‍ॅडव्हान्सेसमध्ये २०२३ ला आला. खऱ्या लोकांचं २०२० मधलं यूट्यूब बघणं तपासलं त्यांनी. साध्या माणसाला अल्गोरिदमने ओढत ओढत कट्टर चॅनलपर्यंत नेलं असं फार क्वचित दिसलं. असले चॅनल बघणारे थोडे होते, बहुतेक सबस्क्रायबर होते किंवा बाहेरच्या लिंकवरून येत होते, आणि वंश आणि बायकांबद्दलचा राग त्यांच्यात आधीपासून होता. म्हणजे दुकान कुणी उघडायचं हा प्रश्न नंतरचा, गिऱ्हाईक आधीच रांगेत उभं होतं. यूट्यूबने २०१९ च्या सुरुवातीला शिफारशी बदलल्या होत्या, त्यामुळे आधीचं चित्र वेगळं असू शकतं, पण 'भोळी पोरं जाळ्यात अडकली' हे मला आता मान्य नाही.

कौसा_कोकणी

वाचत होतो, लिहिणार नव्हतो, पण मुंब्र्याचं निघालं म्हणून लिहितो.

बेलापूर ताई, अभ्यास मानतो. पण १५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चमध्ये दोन मशिदीत ५१ माणसं मारली त्या माणसाबद्दल न्यूझीलंडच्या चौकशी आयोगाने २०२० मध्ये लिहिलंय की त्याच्यासाठी माहितीचा आणि प्रेरणेचा मोठा स्रोत यूट्यूबच होता. सतरा मिनिटं फेसबुकवर लाईव्ह होता. पहिल्या चोवीस तासात फेसबुकने १५ लाख कॉप्या काढल्या, आणि तरी तो व्हिडिओ माझ्यापर्यंत आला. ठाणे स्टेशनला, पाच नंबरला गाडीची वाट बघत होतो, ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला, खाली काहीच लिहिलं नव्हतं. तिघांनी हसण्याचा इमोजी दिला. त्या तिघांबरोबर मी रोज डबा खायचो. आता मला सांगा त्या तिघांना कुठल्या अल्गोरिदमने शिकवलं.

एडिटरभाऊ, तो ट्रॅफिकचा व्हिडिओ मी बघितलाय, आमच्याकडे सगळ्यांनी बघितलाय. त्या दिवशी रस्ता खोदलेला होता, त्याच व्हिडिओत कोपऱ्यात पिवळे बॅरिकेड दिसतात. तुम्ही एडिट करताना दिसले असतील.

नौपाडा_एडिटर

दिसले होते. बॅरिकेडची क्लिप मीच कापली, लांबत होतं म्हणून. थंबनेलपण माझंच, लाल बाण मी टाकला. तेव्हा मनात काही नव्हतं पण ते खरं आहे, आणि मी वर जे लिहिलं त्यात बघणाऱ्यांना धरलं आणि स्वतःला सोडलं. ऐरोली, तुमचं ते 'सगळे सुटतात' मला लागू आहे.

सीवूड्सची_आई

माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे म्हणून मला ह्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं, माणूस परत कसा आणायचा. डेरेक ब्लॅकचं उदाहरण बघा. वडील डॉन ब्लॅक, १९९५ ला स्टॉर्मफ्रंट ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची साइट काढणारे, आणि मुलगा लहानपणापासून त्यातच, रेडिओवर बोलायचा. फ्लोरिडाच्या कॉलेजात हे उघड झालं तेव्हा बहुतेकांनी बोलणं टाकलं, पण मॅथ्यू स्टीव्हन्सन नावाच्या ज्यू मित्राने त्याला शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या, जेवणाला बोलवायला सुरुवात केली. वाद नाही घातला, जेवायला वाढलं. एका मैत्रिणीने मात्र नंतर एकेक दावा पुराव्यानिशी खोडून काढला. २०१३ मध्ये डेरेकने जाहीर पत्र लिहून सगळं सोडलं. बॅन करून काय होतं, ते दुसरीकडे जातात आणि तिथे त्यांना आडवणारं कुणीच नसतं. मुलाला मी मोबाईल काढून घेतला तेव्हा तो चार दिवस बोलला नाही, पाचव्या दिवशी मीच शेजारी बसून त्याच्याबरोबर बघितलं आणि मग तो बोलायला लागला.

कौसा_कोकणी

ताई तुमच्या मुलासाठी तुम्ही केलंत ते योग्यच. पण जेवायला बोलवायचं काम नेहमी ज्याला शिव्या दिल्या त्यानेच का करायचं? क्राइस्टचर्चला मशिदीच्या दारात एक म्हातारे गृहस्थ होते, अफगाणिस्तानातून आलेले, आत येणाऱ्याला ते 'हॅलो ब्रदर' म्हणाले. पहिल्यांदा त्यांनाच गोळी घातली. स्वागत करून झालंय हो आमचं. आणि बॅनबद्दल, बॅन केलं असतं तर तो व्हिडिओ माझ्या फोनवर आला नसता, मला एवढंही पुरतं.

ऐरोली_रात्रपाळी

कौसा +१. बॅनचा उपयोग त्याला सुधारायला नाहीच, दुसऱ्यांना वाचवायला आहे. खोट्या कटांच्या गोष्टी पसरवणाऱ्या अमेरिकेतल्या अ‍ॅलेक्स जोन्सला ऑगस्ट २०१८ मध्ये फेसबुक, यूट्यूब, अ‍ॅपलने काढलं, पण सँडी हूकच्या शाळेतल्या गोळीबारात २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मेली ते नाटक होतं असं तो त्याआधी कितीतरी वर्षं सांगत होता. त्या आईबापांना लोक घरी येऊन, फोन करून छळत होते. तेव्हा कुणी शेजारी बसून समजावायला पाहिजे होतं का?

सीवूड्सची_आई

तुमचं खरंय, ओझं तुमच्यावर टाकायला नको होतं मी. जर्मनीत ते दुसऱ्या पद्धतीने करतात. एक्झिट-डॉइचलँड म्हणून संस्था आहे, २००० मध्ये बर्न्ड वाग्नर नावाचे माजी पोलीस अधिकारी आणि इंगो हासेलबाख, जो स्वतः आधी निओ-नाझी पुढारी होता, या दोघांनी काढलेली. २०११ ला गेरा गावात नाझींच्या रॉक कार्यक्रमात त्यांनी २५० टीशर्ट फुकट वाटले जातील असं केलं, वर कवटी आणि त्यांच्याच आवडीच्या घोषणा. पोरांनी ते घेतले. घरी जाऊन धुतल्यावर वरची छपाई निघून गेली आणि खालून अक्षरं आली, की तुझ्या टीशर्टला जमलं ते तुलाही जमेल, आम्ही मदत करू. म्हणजे आतून जाऊन आलेला माणूसच आतल्याला बोलावतोय, मार खाल्लेल्याला कुणी पाठवत नाहीये.

बेलापूर_लोकल

हे मला माहीत नव्हतं. पण पोरं किती आली याने ते मोजावं लागेल, नाहीतर तोही एक व्हायरल व्हिडिओच.

कौसा_कोकणी

आतल्या माणसाने बोलावायचं हे पटलं. मग एडिटरभाऊ तुम्ही आतले आहात. मी त्या मुलाला चहाला बोलावणार नाही, कमेंटमध्ये समजावणारही नाही. तुम्ही त्याला फोन करा, आणि बॅरिकेडची क्लिप असेल तर ती बाहेर काढा.

नौपाडा_एडिटर

क्लिप आहे, हार्ड डिस्कवर मूळ फुटेज सगळं ठेवतो मी. आत्ता शोधून बघितली, अकरा सेकंदांची आहे, बॅरिकेड, खड्डा आणि शिट्टी मारून गाड्या सोडणारा एक टोपीवाला माणूस, वर्दीत नाहीये, तिथलाच कुणीतरी. त्याला आज रात्री फोन करतोय आणि हे जसंच्या तसं परत अपलोड कर म्हणून सांगतो. नाही म्हणाला तर पुढचं काम घेणार नाही. महिन्याचे आठ हजार जातील, ते जाऊदेत.

कौसा_कोकणी

टोपीवाला तो आमच्या गल्लीतला रिक्षावाला आहे. दोन तास उभा होता तिथे.