मान मोडते तेव्हा बोट कुणाकडे?

तिसरा दोर:
गेल्या रविवारी आमचे चिरंजीव (वय ११) टीव्हीवरच्या डब्ल्यूडब्ल्यूई कंपनीच्या कुस्तीची (निकाल आधीच ठरलेला असतो ती) नक्कल करत, पलंगावर उभे राहून लोडाला पॉवरबॉम्ब (उचलून आपटायचा डाव) देत होते. मी ओरडलो तर म्हणाला, "बाबा, त्यात कुणाला लागत नाही, सगळं खोटं असतं." मी त्याच्या वयाचा असताना आईशी याच विषयावर भांडायचो, फक्त बाजू उलट होत्या. ती म्हणायची नाटकं आहेत सगळी, आणि मी शपथा घेऊन सांगायचो की खरं असतं.

मग त्याला ड्रॉझची गोष्ट सांगितली. डॅरेन ड्रोझडॉव, आधी डेन्व्हर ब्रॉन्कोजकडून अमेरिकन फुटबॉल खेळलेला दांडगा गडी. ५ ऑक्टोबर १९९९, न्यूयॉर्कजवळचं नॅसॉ कोलिझियम, स्मॅकडाउन या त्याच कंपनीच्या टीव्ही शोचं चित्रीकरण. समोर डी'लो ब्राउन. त्याचा नेहमीचा डाव, समोरच्याला उचलून धावत जाऊन आपटायचा. त्या दिवशी पकड बसली नाही आणि ड्रॉझ डोक्यावर उतरला. मान मोडली. त्यानंतर जवळजवळ २४ वर्षं चाकाच्या खुर्चीत काढून २०२३ मध्ये, चौपन्नाव्या वर्षी गेला. ती क्लिप कंपनीने कधीच दाखवली नाही. आणि ड्रॉझने डी'लोला कधीच दोष दिला नाही.

धाग्याचं कारण हेच शेवटचं वाक्य. ज्याची मान मोडली तो दोष देत नाही, पण आपण प्रेक्षक देतो. मार्च २०२२ मध्ये त्याच कंपनीच्या रिज हॉलंडने बिग ई या पैलवानाला रिंगबाहेर बेली-टू-बेली सुप्लेक्स (पोटाला पोट लावून उचलून मागे फेकायचं) दिला. बिग ई डोक्यावर पडला, मानेचे दोन मणके मोडले. त्याच रात्री हॉस्पिटलच्या पलंगावरून त्याने व्हिडिओ टाकला की बोटं हलताहेत, काळजी करू नका. तोवर इकडे हॉलंडला शिव्या सुरूसुद्धा झाल्या होत्या.

माझं मत, झोडपायचं तर झोडपा: हात कुणाचा निसटला हा दुय्यम प्रश्न आहे. रिंगबाहेर, पातळ मॅटवर मानेशी खेळणारा डाव टाकू कोण देतं, आठवड्यात किती रात्री लढायला लावतं, हे आधी विचारा.

सातारी कंदी:
असहमत. डाव टाकणारा कारकून आहे का, वरून फाईल आली की सही करायला? स्टीव्ह ऑस्टिन या पैलवानाची केस घ्या. समरस्लॅम हा कंपनीचा मोठा शो, १९९७, समोर ओवन हार्ट. ओवन टूमस्टोन (समोरच्याला उलटं धरून डोक्यावर आपटायचा डाव) द्यायचा तो गुडघ्यांवर न येता थेट बसून. ऑस्टिनने नंतर सांगितलंय की आपण त्याला आधी विचारलं होतं, गुडघ्यांवर येणार ना? तो म्हणाला, नाही, बसणार. बसल्यावर ऑस्टिनचं डोकं ओवनच्या मांड्यांच्या खाली राहिलं आणि सगळं वजन मानेवर. काही क्षण ऑस्टिनला हातपाय हलवता येईनात. ओवन बिचारा प्रेक्षकांना चिडवत वेळ काढतोय, ऑस्टिन रांगत येतो आणि कसाबसा त्याला गुंडाळून जिंकतो. तो रोल-अप पुन्हा बघा, लहान मूल गोधडी गुंडाळतं तसा आहे. २००३ मध्ये ऑस्टिनला नियमित लढणं सोडावं लागलं, त्यामागे ती मान होतीच.
हा निर्णय कुठल्या बोर्डरूममध्ये झाला होता? दोन माणसांमध्ये झाला होता. हात ज्याचा, दोष त्याचा.

मीनल_फिजिओ:
थोडी तांत्रिक भर घालते. मला कुस्तीतलं कळत नाही, मानेतलं कळतं. नवरा बघतो म्हणून मीही बघते (आणि उशी तोंडावर धरते).
रिंग गादीसारखी मऊ असते हा समज आधी काढा. खाली लोखंडी तुळया, वर लाकडी फळ्या, त्यावर पातळ फोम आणि कॅनव्हास. पडायचं शिकवतात ते असं: हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ सपाट, हात पसरून एकदम थाप. मार जितक्या मोठ्या पृष्ठभागावर वाटला जाईल तितका कमी लागतो. हनुवटी सुटली की डोक्याचा मागचा भाग आधी आपटतो. आणि पाइलड्रायव्हरसारख्या डावात (टूमस्टोन हा त्याचाच प्रकार) पडणाऱ्याच्या हातात काहीच नसतं, तो उलटा लटकलेला असतो. त्याची हनुवटी, त्याचे मणके, सगळं समोरच्याच्या मांड्यांच्या भरवशावर.
त्यामुळे मला दोघांचंही पटतं आणि दोघांचंही पटत नाही. हात महत्त्वाचा आहेच. पण हात थकतो हो. एकाच आठवड्यात चौथ्यांदा ११० किलो उचलताना पकड अर्धा इंच खाली बसली तर मी त्याला निष्काळजीपणा म्हणणार नाही.

तिसरा दोर:
@सातारी कंदी, तुम्ही ओवनचं नाव काढलंत हे बरं केलंत. ऑस्टिनच्या मानेच्या वेळी हात ओवनचा होता, मान्य. त्यानंतर दोन वर्षंही झाली नाहीत तोच २३ मे १९९९ ला कॅन्सस सिटीच्या केंपर अरीनात त्याला छतावरून दोरीने खाली सोडायचा स्टंट होता. एका झटक्यात सुटणारी कडी लावली होती, का, तर एंट्री झोकात दिसावी. कडी वेळेआधी सुटली. सुमारे ७८ फुटांवरून तो रिंगमध्ये पडला आणि गेला. कार्यक्रम पुढे चालू राहिला. टीव्हीवर बघणाऱ्यांना समालोचक जिम रॉसने सांगितलं की ओवन गेला, पण हॉलमध्ये बसलेल्यांना सांगितलं नाही. ते पुढच्या मॅचला ओरडत होते!
इथे कुणाचा हात निसटला? समोर प्रतिस्पर्धी नव्हताच. पुढच्या वर्षी कंपनीने कुटुंबाला १ कोटी ८० लाख डॉलर देऊन खटला मिटवला.

सातारी कंदी:
ओवनची केस अपघाताची आहे, कुस्तीची नाही. सर्कशीतली दोरी तुटली तर झुल्यावरच्या कसरतीला नावं ठेवणार का?
आणि कंपनी खलनायक हे ठीक, मग मिसावाचं काय करता? जपानचा मित्सुहारू मिसावा. १३ जून २००९, हिरोशिमा. अकितोशी साइतोचा बॅकड्रॉप, म्हणजे मागून उचलून पाठीवर टाकायचा, तिथे हजार वेळा खाल्लेला डाव. मिसावा उठला नाही. वय ४६. मानेचा त्रास आधीपासून होता. आणि नोआ ही कंपनी कुणाची? त्याचीच! संस्थापक तो, अध्यक्ष तो. वेळापत्रक लावणाराही तोच आणि त्यात पिचणाराही तोच. सांगा आता, बोट कुणाकडे?

तालीमवाला:
मी कोल्हापूरला तालमीत सात वर्षं काढलीत, खासबागेत मैदानं बघत मोठा झालो. तुमची ती नूरा कुस्ती आहे असंच आम्ही म्हणायचो. कान बघा आमचे, कोबीच्या गड्ड्यासारखे, मेकअप नाही लागत.
पण एक फरक सांगतो. आमच्याकडे समोरचा मला पाडायला बघतो हे मला माहीत असतं, म्हणून मी अंग चोरतो, मान आखडतो. त्यांच्यात अंग सोडून द्यायचं असतं, समोरचा सांभाळेल म्हणून. ते मला नाही जमणार. वस्ताद म्हणायचे, मान कुणाच्या हातात द्यायची नाही. हे लोक रोज देतात आणि वर हसत निघतात. खोटं आहे म्हणणं मी तरी सोडलं.
(मात्र डोक्यात खुर्ची घालणं ही कुठली कुस्ती, हे मला अजून कळलेलं नाही.)

तिसरा दोर:
@तालीमवाला, डोक्यात खुर्ची २०१० पासून बंद आहे डब्ल्यूडब्ल्यूईत. तिथल्या क्रिस बेन्वा या पैलवानाचं भयंकर प्रकरण झालं २००७ ला (बायको-मुलाला मारून त्याने स्वतःला संपवलं), त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवारच्या मारांच्या खुणा निघाल्या. पाइलड्रायव्हरवर बहुतेकांना बंदी त्याच्या बऱ्याच आधी आली. म्हणजे वरून ठरवलं की डाव बंद होतात. मग ऑस्टिन पडायच्या आधी का नाही ठरवलं, एवढंच माझं म्हणणं.

जर्सीकर:
मोठ्या कंपनीत निदान ऑपरेशनचा खर्च तरी मिळतो. मी तीन वर्षांपूर्वी इथे जवळच्या गावात एका अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये छोटा शो बघितला. दीडशे खुर्च्या, एका कोपऱ्यात हॉट डॉग. दुसऱ्या मॅचमध्ये एक पोरगा दोरावरून उलटी उडी मारताना पाय घसरून मानेवर आला. पंचाने आधी वाकून त्याचा हात दाबला (दाबून परत दाबतो का ते बघतात), मग डोक्यावर हातांची फुली केली. फुली म्हणजे खरंच लागलंय. मला ती माहीत होती, शेजारच्या काकांना नव्हती. ते "गेट अप!" ओरडत होते. ॲम्ब्युलन्स बाहेर नव्हती, फोन करून बोलवावी लागली. त्या अर्ध्या तासात त्याचा प्रतिस्पर्धी, जो मघापर्यंत व्हिलन होता, रिंगमध्ये गुडघ्यांवर बसून त्याचं डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून होता. पोरगा वाचला, चालतोही, असं नंतर कळलं.
दोष कुणाचा? उडी त्याची स्वतःची. पण दारात ॲम्ब्युलन्स नसणं ही उडी नव्हती.

बारा गावचा:
खलीला विसरलात की सगळे! आपल्याकडे त्याचे फ्लेक्स लागले होते. तो मोठा व्हायच्या आधी, २००१ मध्ये, कॅलिफोर्नियाच्या एका कुस्तीशाळेत त्याच्याबरोबर सराव करताना एक शिकाऊ पोरगा डोक्याला मार बसून गेला. कोर्टाने जबाबदार धरलं शाळेला, आणि कुटुंबाला १३ लाख डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. धागाकर्त्याला +१.

सातारी कंदी:
शाळेचं पटलं. शिकाऊ पोराची जबाबदारी शाळेचीच. पण मिसावाचं उत्तर अजून आलेलं नाही. वाट बघतोय.

तिसरा दोर:
मिसावाचं उत्तर माझ्याकडे नाही. दोन दिवस विचार केला. एवढंच सुचतं की अध्यक्ष मिसावाला पैलवान मिसावाशिवाय तिकिटं विकली जातील याची खात्री नसणार, आणि ती तिकिटं माझ्यासारखेच घेत होते. साइतो त्यानंतरही वर्षानुवर्षं लढत राहिला. तो रोज रिंगमध्ये कसा चढला असेल, हे मला तुमच्या-माझ्या वादापेक्षा अवघड वाटतं.
चिरंजीवांचा लोड जप्त केलाय. काल त्याने विचारलं, "बाबा, डी'लो ड्रॉझला भेटायला जायचा का?" आता तेच शोधतोय.