सेल्फीतला चेहरा परका का वाटतो?

प्रश्न: बहिणीच्या साखरपुड्यात काढलेल्या चाळीसेक सेल्फींपैकी मी एकच इन्स्टाग्रामवर टाकली आणि भांग भलत्याच बाजूला दिसतो म्हणून तासाभरात तीही काढून टाकली. आरशात बरा वाटणारा चेहरा फोटोत परका का वाटावा?

प्रतिसाद १: आपण स्वतःला जन्मभर आरशातच पाहतो आणि जे सवयीचे तेच आवडते. १९७७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बहुतेक स्त्रियांना स्वतःची आरशातली प्रतिमा, तर त्यांच्या मैत्रिणींना मूळ छायाचित्र अधिक पसंत पडले होते.

प्रतिसाद २: शिवाय हातभर अंतरावरच्या कॅमेऱ्यात नाक मोठे आणि कान लहान दिसतात, हा दोष अंतराचा आहे, चेहऱ्याचा नव्हे.

प्रश्नकर्ती: आईला नेमका तोच फोटो का आवडला होता, हे आता उमगले.