संगीत विभागाची जडसंग्रह नोंदवही जुळत नाही, पडताळणी कशी करायची?

आवकजावक:
विद्यापीठाच्या संगीत विभागात मी कनिष्ठ लिपिक आहे, जडसंग्रह (डेडस्टॉक, म्हणजे टिकाऊ वस्तूंची नोंद) माझ्या टेबलावर आहे. ३१ मार्चच्या पडताळणीसाठी मोजणी केली. नोंदवहीत ‘तबला जोडी, ८ नग’, प्रत्यक्षात तबले ९ आणि डग्गे ६. भोपळा तडकलेले दोन तानपुरेही आहेत. जुनी नोंद दुरुस्त करायची की नवी घालायची? पुड्या (तबल्या-डग्ग्यावर चढवलेलं चामडं) आणि तारा कुठे लिहायच्या?

टिपणीकार:
जुन्या नोंदीवर खाडाखोड नको, व्हाइटनर तर नकोच. शेरा रकान्यात लाल शाईने ‘पडताळणीत आढळले’ लिहून तारीख आणि विभागप्रमुखांची सही घ्या. घोळाचं मूळ ‘जोडी’ या शब्दात आहे. बिलात जोडी असते, पण फुटतो एकटा डग्गा आणि दुरुस्तीला जातो एकटा तबला. यापुढे एका जोडीला ४-अ, ४-ब असे दोन क्रमांक द्या.

नववा तबला लगेच जमा करू नका. साथीदार स्वतःचा तबला विभागात ठेवून जातात, म्हणून आधी सगळ्यांकडून लेखी विचारून घ्या, मग देणगीची पत्रं बघा. दोन डग्ग्यांसाठी गेटपासची पुस्तकं चाळा. ‘दुरुस्तीसाठी बाहेर’ गेलेली वस्तू परत आल्याची नोंद बरेचदा नसते.

षड्जपंचम:
क्रमांक पुडीवर लिहू नका, पुडी बदलली की क्रमांक गेला. तबल्याच्या लाकडावर बुडाशी आणि डग्ग्याच्या तळाला, चुंबळीत झाकतो तिथे, ऑइल पेंटने लिहा. पेटीला तळाच्या फळीवर, तानपुऱ्याला दांडीच्या मागे. स्टिकर पावसाळ्यात सुटतात.

पुड्या आणि तारा उपभोग्य वस्तूंच्या नोंदवहीत. देताना तारीख आणि वाद्याचा क्रमांक लिहा, फाटकी पुडी परत घेतल्याशिवाय नवी देऊ नका. इलेक्ट्रॉनिक तानपुरा मात्र जडसंग्रहातच.

आवकजावक:
आभारी आहे. तानपुरे निर्लेखित करावेत का, म्हणजे निकामी ठरवून नोंदवहीतून कमी करावेत का? दुरुस्तीचा खर्च नोंदवहीतल्या किमतीच्या कितीतरी पट होतोय.

टिपणीकार:
ती तुलनाच चुकीची. समजा ४०-५० वर्षांपूर्वी काही शे रुपयांत घेतलेला तानपुरा असेल, तर कुठलीही दुरुस्ती महागच दिसणार. मिरजेच्या कारागिराकडून दुरुस्तीचं आणि तशाच नव्या तानपुऱ्याचं, अशी दोन दरपत्रकं मागवा आणि त्यांची तुलना टिपणीत मांडा. भोपळा तडकला म्हणजे वाद्य संपलं असं नाही, तो सांधता किंवा बदलता येतो. दांडीच वाकली असेल तर गोष्ट वेगळी.

मर्दानी (मोठा, खालच्या सुराचा) की जनानी (लहान, वरच्या सुराचा), तेही नोंदवहीत लिहा. नुसतं ‘तानपुरा’ लिहिलं तर बदली आलेला माणूस कुठला कुठला ते ओळखणार नाही. आणि निर्लेखन समितीची मंजुरी हातात येईपर्यंत तडकलेले तानपुरे जागेवरून हलवू नका.