तलावातलं प्लास्टिक मे महिन्यात जास्त, सप्टेंबरात कमी. असं कसं?

गोदाकाठची
एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र, दुसरं वर्ष. केज तालुक्यातल्या एका साठवण तलावाचं पाणी दर महिन्याला गाळून बघतेय, जाळी ३०० मायक्रॉनची. मे महिन्यात लिटरमागे तुकडे बक्कळ, बहुतेक धागे. जुलैत पुन्हा भरपूर, पण आता काळे-चंदेरी पापुद्रे. सप्टेंबरात आकडा धाडकन खाली. पावसानं प्लास्टिक वाढतं म्हणतात ना? सर विचारायच्या आत कुणीतरी सांगा.

लातूरचा लॅबवाला
पाणीपातळी लिहून ठेवली का, बाई? सगळी मेख तिथंच आहे. मे महिन्यात पाणी उडून जातं, प्लास्टिक जागेवरच. शिवाय काठावर धुणं चालतं, पॉलिस्टरच्या साड्यांचे धागे सुटतात. त्यातलेही बारीक धागे तुझ्या जाळीतून उभे निसटतात, म्हणजे खरा आकडा अजून मोठा. पहिले मोठे पाऊस ओढ्या-नाल्यातलं सगळं तलावात आणून टाकतात. मग तलाव भरला की तेच तुकडे कितीतरी जास्त पाण्यात पांगतात, काही सांडव्यावरून पुढं जातात, काही गाळात बसतात. लिटरमागचा आकडा पडला म्हणून एकूण प्लास्टिक घटलं असं नाही. आकड्याला त्या दिवशीच्या साठ्यानं गुणून बघ. २०१६ सालासारखं, मांजरा आटून लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तसं वर्ष आलं, तर नुसता लिटरचा हिशेब कशाशी ताडणार?

गाळ तपासणार असशील तर त्यातलं प्लास्टिक जड पाण्यात तरंगवून वेगळं काढावं लागतं, आणि तिथं साध्या मिठावर भागणार नाही. संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता १.२, त्यात पिशवीचं पॉलिथिन तरंगतं; बाटलीचं आणि पॉलिस्टरचं पीईटी १.३८, ते तळाला जातं. झिंक क्लोराइड घे, त्याचं पाणी आणखी जड होतं.

बांधावरून
काळे-चंदेरी म्हणजे मल्चिंग पेपर, दुसरं काय! नावाला पेपर, असतो प्लास्टिकचाच. टरबुजाला, मिरचीला अंथरतो आम्ही. उन्हानं असा कडकतो की उचलायला गेलं की हातात भुगा. राहिलेल्यावर रोटाव्हेटर फिरतो अन् पावसात चिंध्या ओढ्याला. उन्हाळ्यात तलावाचा गाळ परत आमच्याच रानात, सरकारच्या 'गाळमुक्त धरण' योजनेतून. गेल्या साली ट्रॉली ओतली तर गुटख्याच्या पुड्याच पुड्या. बंदी २०१२ पासून हाय म्हणे.

गोदाकाठची
काका, पातळी दर वेळी मोजपट्टीवर बघून लिहिलीय, साठ्याचा तक्ता पाटबंधारे कार्यालयातून आणते. दादा, औंदा गाळ नेताना थोडा माझ्यासाठी काढून ठेवाल का? स्टीलच्या डब्यात ठेवा, कॅरीबॅगमध्ये नको.

बांधावरून
ठेवतो. डबा तेवढा तुमचा द्या, घरचा दिला तर मंडळी मला तलावात घालंल.