स्वस्त गॅसवर पहिला हक्क कोणाचा? रिक्षाचा की चुलीचा?

कळव्याचा रिक्षावाला
१ फेब्रुवारी २०२५ पासून किमान भाडं २३ चं २६ झालं. तेव्हा एक आजी उतरताना म्हणाल्या, "परवापर्यंत तेवीसच घेत होतात ना?" मी तीन रुपये परत दिले. २०२४ च्या ऑक्टोबरात आणि मग नोव्हेंबरात केंद्राने शहरांच्या सीएनजीला मिळणारा स्वस्त देशी गॅस दोनदा कापला, दर वेळी साधारण पाचवा हिस्सा. तूट महाग गॅसने भरली आणि नोव्हेंबरात आपल्याकडे किलोचा भाव ७५ वरून ७७ झाला. बॉम्बे हाय या समुद्रातल्या तेल-गॅसच्या क्षेत्राचा गॅस उरणला किनाऱ्याला लागतो, मग आधी आम्हाला का नको? कापलेला कोटा पूर्ण परत द्या.

उरणकर
दादा, किनाऱ्याला लागला म्हणून तो आपला होत नाही, देशाचा आहे. बॉम्बे हाय १९७६ पासून चालू आहे, आता क्षेत्र थकलंय. तिकडे सीएनजीच्या गाड्या वाढतच आहेत. भाकरी तेवढीच, पंगत मोठी. घरच्या पाइप गॅसचा नंबर पहिला, म्हणून कात्री तुमच्यावर आली. २०२३ मध्ये या स्वस्त देशी गॅसच्या भावाला, मोजण्याच्या ठरलेल्या एककामागे, साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली होती. नव्या विहिरींच्या गॅसला थोडा जास्त भाव मिळतो, म्हणून तरी कोणी विहिरी खणेल. सगळाच स्वस्त मागितलात तर पुढे मिळणारच नाही. आणि चार किलोमागे दिवसाचे आठ रुपयेच वाढले ना?

कळव्याचा रिक्षावाला
दिवसाचे आठ म्हणजे महिन्याचे दोनशेच्या वर. तेवढ्यात मुलीच्या वह्या येतात. शिवाय जानेवारी २०२५ मध्ये कोट्यातला काही हिस्सा परत मिळाला. भाव खाली आला का?

माढा तालुका
परत मिळाला तो कुठून आला, तेही सांगा. एलपीजी, म्हणजे सिलिंडरचा गॅस, बनवणाऱ्यांकडून काढून दिला. आमच्या वाडीत पाइप नाही, सिलिंडरच आहे. संपत आला की सासूबाई तो आडवा करतात, शेवटचा चहा त्यावर होतो. देशाला लागणाऱ्या एलपीजीतला निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतो, त्यात इथला गॅसही शहरातल्या गाड्यांना द्यायचा? तुमचं दुखणं खरं आहे दादा, पण औषध आमच्या चुलीतून नको.

गुहागरचा
दोघं एकाच ताटावर भांडताय. आयात करायचीच आहे तर ती नीट करा. आमच्या दाभोळला एलएनजीचं, म्हणजे जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसचं, टर्मिनल २०१३ ला सुरू झालं, पण लाटा अडवणारा बांध अपुरा होता, त्यामुळे वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाजं लागत नव्हती. ऐन किनाऱ्यावर असून चार महिने उपयोग शून्य! याचा मला फार राग येतो.

उरणकर
बांध हवाच होता. पण आयातीवर सगळी भिस्त नको. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर करार झालेली काही जहाजंसुद्धा आली नव्हती.

कळव्याचा रिक्षावाला
ताई, एलपीजीचं मला माहीत नव्हतं. "पूर्ण परत द्या" हे मागे घेतो. पण मग केंद्राने सीएनजीवरचं १४ टक्के उत्पादन शुल्क उतरवावं. राज्याने एप्रिल २०२२ मध्ये व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला, तेव्हा पंपावरचा भाव खरोखर उतरला होता. यात कोणाच्या चुलीला हात लागत नाही.

माढा तालुका
याला माझी हरकत नाही. फक्त सिलिंडरचंही तेवढ्याच जोराने मागा.