ऑटोकॅड सोडून थेट रेव्हिट? गोव्यात तरी नको

चिरेबंदी: काल इथे कुणीतरी लिहिलं, "ड्राफ्टिंगला येणाऱ्यांनी ऑटोकॅडवर वेळ घालवू नये, सरळ रेव्हिट शिकावं." ऑटोकॅडमध्ये रेघांनी टू-डी ड्रॉइंग काढतात, रेव्हिटमध्ये इमारतीचं थ्री-डी मॉडेल बांधून त्यातून ड्रॉइंग निघतं. हा सल्ला नवीन मुलांचं नुकसान करणारा आहे. पणजी-म्हापशाच्या छोट्या ऑफिसात सर्व्हेयर, स्ट्रक्चरवाला, प्लंबर सगळ्यांकडून येते ती डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल. लेयर (रेघांचे थर), एक्सरेफ (दुसरी फाइल जोडणं), पेपर स्पेस (छापायचं पान) आणि सीटीबी (छापताना रेघांची जाडी ठरवणारी फाइल) जमत नसेल तर पहिल्याच दिवशी गाडी अडते. मिलिमीटरमध्ये काढलेल्या ड्रॉइंगमध्ये 1:100 ला छापून 2.5 मिमीचं अक्षर हवं असेल तर मॉडेलमध्ये, म्हणजे खऱ्या मापाने काढतो तिथे, उंची 250 का ठेवायची, एवढं तरी यायला हवं.

कौलारू: आणि खिडकी सहा इंच सरकवली की प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन, शेड्यूल चार ठिकाणी हाताने बदलायचं? एक जागा राहतेच, आणि साइटवर चौकट चुकते. रेव्हिटमध्ये खिडकी एकदाच सरकते. इंग्रजी एल आकाराच्या घराचं मंगलोरी कौलांचं छप्पर घ्या: रूफ बाय फूटप्रिंट ही कमांड घ्या, प्रत्येक कडेला उतार द्या, पन्हळ (दोन उतार आतल्या कोपऱ्यात मिळतात ती रेघ) आपोआप बसते. टू-डीत ती पन्हळ एलिव्हेशनमध्ये चुकीची काढलेली ड्रॉइंग्ज कितीतरी फिरत असतात.

चिरेबंदी: छपराचं मान्य. पण फोंड्याकडचं जुनं चिऱ्यांचं घर मोजून मॉडेल करा पाहू. भिंत एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक, काटकोन कुठेच नाही. भिंत जराशी तिरकी असली की रेव्हिट 'स्लाइटली ऑफ अॅक्सिस'ची, म्हणजे रेघ किंचित तिरकी असल्याची, सूचना दाखवतं, आणि नवशिका भिंत सरळ करून टाकतो. मग मापच खोटं! वर रेव्हिट 2024 मध्ये सेव्ह केलेली फाइल रेव्हिट 2023 मध्ये उघडत नाही.

साळ नदी: सॉफ्टवेअरवर भांडता, पण मुळातला सर्व्हे प्लॅनच चुकीच्या मापाने बसवला जातो त्याचं काय? 1:1000 चा प्लॅन झेरॉक्समध्ये 94 टक्के झाला, तसाच स्कॅन करून छापील स्केलने बसवला, की 20 मीटरची हद्द 18.8 दिसते. क्षेत्रफळ तर वर्गाने घटतं: 1000 चौरस मीटरचा प्लॉट 884 चा. सेटबॅक (हद्दीपासून सोडायची जागा), एफएआर (प्लॉटच्या प्रमाणात किती बांधता येतं ते), सगळंच कोसळतं.

कौलारू: हा विषयच वेगळा आहे.

साळ नदी: वेगळा कसा? रेव्हिटमध्येही तोच स्कॅन खाली टाकणार ना? जागेवर एक हद्द टेपने मोजा. ऑटोकॅडच्या स्केल कमांडमध्ये रेफरन्स निवडा, त्या हद्दीची दोन टोकं टिपा, खरी लांबी द्या. मग आडवी दुसरी हद्द तपासा. तिथे फरक आला तर कागद एकाच दिशेला ताणला गेलाय. स्केल दोन्ही दिशांना सारखंच वाढवतं, तेव्हा नवी प्रत आणा. शेवटी एक-चौदाच्या (गोव्यातल्या जमिनीच्या) उताऱ्यावरच्या क्षेत्रफळाशी ताडून बघा.

वेर्णा लाइन: सगळे घरांवरच अडकलात. फॅक्टरीत जायचं असेल त्याने रेव्हिट शिकून काय करायचं? तिथे यंत्राचे भाग काढायचं सॉलिडवर्क्स लागतं, आणि त्याआधी टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, वाचता यायला हवा. 20 एच7 चं भोक म्हणजे 20.000 ते 20.021 मिमी, हे कळत नसेल तर मॉडेल कितीही देखणं असो, शाफ्ट बसणार नाही.

कौलारू: ठीक. चिरेबंदीबाब, जुन्या घराची मोजणी आधी ऑटोकॅडमध्येच करावी, एवढं मी सोडते. पण नवीन इमारतीला रेव्हिट नको म्हणणं मला पटत नाही.

चिरेबंदी: 'नको' कुणी म्हटलं? थेट नको म्हटलं. दोन महिने ऑटोकॅड: एक खरी खोली टेपने मोजा, प्लॅन-सेक्शन काढा, 1:50 ला छापून कागदावर स्केलपट्टी लावा. माप जुळलं तर रेव्हिट उघडा. जुळलं नाही तर आधी व्ह्यूपोर्टचं (छापायच्या पानावर मॉडेल दिसतं त्या चौकटीचं) स्केल तपासा. चूक बहुधा तिथेच असते, नाहीतर प्लॉट करताना 'फिट टू पेपर'वर टिक राहिलेली असते.